ब्लड कॅन्सर बरा होतो... पण पुढे काय?



'ब्लड कॅन्सर' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिंदी पिक्चर! हिरोईनला चक्कर येते, डॉक्टर चष्मा काढून पुसतात, "आता देवावर भरवसा ठेवा" म्हणतात आणि इंटरव्हलनंतर थिएटरमध्ये रुमाल बाहेर निघतात. १९७८ सालच्या 'अखियों के झरोखों से' मधली लिली ल्युकेमियानेच जाते. आपल्या आई-बाबांच्या पिढीने हा आजार असाच पाहिला, आणि त्यांच्याकडून ती भीती आपल्याकडे आली.

पण आज परिस्थिती काय आहे? लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे 'अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया', थोडक्यात 'ए.एल.एल.' प्रगत देशांत हा आजार झालेल्या दहा मुलांपैकी साधारण नऊ मुलं बरी होतात. आपल्याकडेही चांगल्या केंद्रात वेळेवर पोचलेली आणि उपचार अर्धवट न सोडलेली बहुतेक मुलं वाचतात. वाचतात, शाळेत जातात, सीईटी देतात आणि इंजिनिअरिंगलासुद्धा येतात! म्हणजे आपल्या मेसमध्ये शेजारी बसून वरण-भात खाणाऱ्यांत असं कोणी असू शकतं.

ज्या औषधाने ही मुलं वाचली, त्याच औषधाने त्यांच्या शरीरावर काही खुणा ठेवलेल्या असतात. काही खुणा त्याच आठवड्यात दिसतात, तर काही दहा-वीस वर्षांनी. या दुसऱ्या प्रकाराबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, थर्ड इयरची विद्यार्थिनी आहे. शिवाय कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे जिथे मराठी शब्द सुचला नाही, तिथे इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहिला आहे. संपादक मंडळाने चालवून घ्यावा!

थोडा इतिहास

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो असते. हा रक्ताचा कारखाना. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हा सगळा माल इथे तयार होतो. ए.एल.एल. मध्ये कच्च्या, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि कारखान्याची सगळी जागा व्यापतात. मग तांबड्या पेशी कमी पडतात म्हणून मूल पांढरंफटक दिसतं, प्लेटलेट कमी पडतात म्हणून अंगावर काळे-निळे डाग येतात आणि चांगल्या पांढऱ्या पेशी नसल्यामुळे ताप हटत नाही. दोन ते पाच या वयात हा आजार सगळ्यात जास्त दिसतो.

१९४८ सालापर्यंत यावर काहीच इलाज नव्हता. निदानानंतर मूल काही आठवडे किंवा फार तर काही महिने जगायचं. त्या वर्षी बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना 'अॅमिनोप्टेरिन' नावाचं औषध दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातल्या १० मुलांमध्ये सुधारणा झाली. ती टिकली नाही, पण रसायनाने ल्युकेमिया मागे हटतो हे पहिल्यांदाच दिसलं. हे औषध अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झालं होतं आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव! आपल्या देशाच्या माणसाचं नाव या गोष्टीच्या पहिल्याच पानावर आहे आणि आपल्याला ते माहीत नसतं. आज वापरतात ते मेथोट्रेक्सेट हे याच औषधाचं भावंड.

त्यानंतर अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलमध्ये डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी एकेक औषध देण्याऐवजी अनेक औषधं एकत्र, टप्प्याटप्प्याने आणि दोन-तीन वर्षं देण्याची पद्धत बसवली. मेंदूत लपलेल्या पेशींसाठी डोक्याला रेडिएशनही दिलं. १९६० चं दशक संपेपर्यंत तिथली जवळजवळ निम्मी मुलं बरी होऊ लागली. शून्यावरून निम्म्यावर, तेही वीस वर्षांत!

औषधाला शत्रू ओळखू येतो का?

साईड इफेक्ट का होतात हे कळायला या प्रश्नाचं उत्तर पाहिजे. उत्तर आहे, नीटसा नाही.

केमोथेरपीतल्या बहुतेक औषधांना 'ही कॅन्सरची पेशी आणि ही चांगली पेशी' असं वेगळं करता येत नाही. त्यांना एवढंच कळतं की कोण भराभर विभागतंय. जो विभागतोय त्याला मारा! आता शरीरात कॅन्सरशिवाय आणखी कोण भराभर विभागतं? अस्थिमज्जा, केसांची मुळं, आणि तोंडापासून आतड्यापर्यंतचं आतलं अस्तर. म्हणून रक्त कमी होणं, केस जाणं आणि तोंड येणं हे तिन्ही त्रास जोडीने येतात. ते औषधाच्या कामाचाच भाग आहेत.

मग चांगल्या पेशी वाचतात कशा? त्या पुन्हा उभ्या राहतात म्हणून. दोन डोसांच्या मधे अंतर ठेवतात ते याच्यासाठी. अंतर कमी पडलं तर मूल सावरत नाही आणि जास्त झालं तर कॅन्सर सावरतो. ही तारेवरची कसरत.

डोस ठरवायची रीतही आपल्याला आवडेल अशी आहे. तो नुसत्या वजनावर न ठरवता शरीराच्या पृष्ठभागावर, म्हणजे चौरस मीटरवर ठरवतात. उंची सेंटीमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हींचा गुणाकार करा, ३६०० ने भागा आणि वर्गमूळ काढा. १०० सेंटीमीटर उंचीचं १६ किलोचं मूल घेतलं तर उत्तर येतं साधारण ०.६७ चौरस मीटर. म्हणजे हॉस्टेलच्या अभ्यासाच्या टेबलापेक्षा थोडं कमीच.

लगेच दिसणारे परिणाम

उपचाराचा पहिला टप्पा म्हणजे 'इंडक्शन', साधारण चार-पाच आठवड्यांचा. निदानाच्या वेळी मुलाच्या अंगात साधारण दहाचा बारावा घात, म्हणजे एक लाख कोटी कॅन्सर पेशी असतात. त्या एकदम फुटायला लागल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अॅसिड रक्तात येतं आणि किडन्या तुंबू शकतात. म्हणून पहिल्या काही दिवसांत भरपूर सलाईन आणि अॅलोप्युरिनॉलची गोळी चालू असते. औषध लागू पडण्यातच धोका, अशी ही विचित्र अवस्था.

सगळ्यात मोठा धोका मात्र इन्फेक्शनचा. जंतूंशी पहिल्या फळीत लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिल म्हणतात. रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये त्या ५०० च्या खाली गेल्या की साधा जंतूही जीवघेणा ठरू शकतो. पू होत नाही, सूज येत नाही, कारण पू करणाऱ्या पेशीच नसतात. फक्त ताप येतो. म्हणून केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला तर 'सकाळी बघू' चालत नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं आणि पहिलं अँटिबायोटिक तासाभरात नसेतून सुरू करायचं. आपल्या आज्या करतात तसं मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवून वाट बघितली, तर ती रात्र हातची जाऊ शकते.

आता एकेका औषधाचा स्वभाव बघू.

व्हिंक्रिस्टीन : हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं! हो, तीच गुलाबी-पांढरी, कुंडीत कुणी पाणी नाही घातलं तरी फुलणारी. (पण म्हणून सदाफुलीचा काढा घरी करून देऊ नका. त्यात कुठलं रसायन किती आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि केमोच्या औषधांशी ते कसं वागेल हेही नाही.) व्हिंक्रिस्टीन पेशीच्या आतल्या नळ्या बनू देत नाही, त्यामुळे पेशी विभागू शकत नाही. पण नसांनाही याच नळ्या लागतात. म्हणून जबडा दुखतो, बोटांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतं आणि काही मुलांचं पाऊल चालताना लटकं पडतं. मोठ्यांना वाटतं पोरगं आळस करतंय! बहुतेकांचं हे पुढे हळूहळू सुधारतं.

याच औषधाबद्दल एक गोष्ट खास आपल्यासाठी. व्हिंक्रिस्टीन शिरेतून द्यायचं असतं, तर मेथोट्रेक्सेट काही वेळा पाठीच्या मणक्यातून देतात. सिरिंजांची अदलाबदल होऊन व्हिंक्रिस्टीन पाठीत गेलं तर मृत्यू जवळजवळ अटळ, आणि जगात अनेक ठिकाणी असं घडलेलं आहे. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सूचना काढली की हे औषध सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्या. पिशवी कुणी मणक्याच्या सुईला लावायला जाणार नाही. 'सावध राहा' असा बोर्ड लावण्यापेक्षा चूक करताच येणार नाही अशी रचना करणं म्हणजे काय, हे इंडस्ट्रियलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

स्टेरॉइड (प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन) : ल्युकेमियाच्या पेशी याने भराभर मरतात. पण मुलाला राक्षसी भूक लागते, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर आणि ब्लडप्रेशर वाढतं आणि स्वभाव पार बदलतो. रात्री तीनला उठून वडापाव मागणं, कारण नसताना रडणं, आईला मारणं... हे मूल बिघडलेलं नसतं, ते औषध बोलत असतं. गोळ्या थांबल्या की मूल परत पहिल्यासारखं होतं.

अॅस्परॅजिनेज : अॅस्परॅजिन नावाचं अमिनो अॅसिड आपल्या पेशी स्वतः बनवतात. ल्युकेमियाच्या पेशींना ते फारसं जमत नाही, त्या रक्तातून उचलतात. हे औषध रक्तातलं अॅस्परॅजिनच संपवतं. म्हणजे रसद तोडायची, शिवाजी महाराजांच्या काळातली युक्ती! पण औषध जिवाणूंपासून बनवलेलं प्रोटीन असल्यामुळे अॅलर्जी येऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात.

डॉनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन : ही लाल रंगाची औषधं. दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, आई-वडील घाबरतात, पण ते रक्त नसतं. यांची खरी गोष्ट पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

उलट्या मात्र पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत. १९९० नंतर ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधं आली आणि बादली घेऊन बसण्याचे दिवस बरेच कमी झाले.

महिन्याभरात बहुतेक सगळ्या मुलांची तपासणी चांगली येते. याला 'रेमिशन' म्हणतात. आणि इथेच घात होतो. केस परत येतात, मूल खेळायला लागतं, गावाकडे शेतीची कामं खोळंबलेली असतात, पैसे संपलेले असतात. घरच्यांना वाटतं, झालं बरं! पण मायक्रोस्कोपखाली एकही पेशी दिसली नाही तरी अंगात अजून कोट्यवधी शिल्लक असू शकतात. म्हणून पुढचे टप्पे आणि मग जवळजवळ दीड-दोन वर्षांचा 'मेंटेनन्स' असतो. रोज मर्कॅप्टोप्युरीनची गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की रोजच्या गोळ्यांपैकी पाच टक्क्यांहून जास्त चुकल्या तर आजार उलटण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. पाच टक्के म्हणजे महिन्यातून दीड गोळी! आपल्यापैकी किती जण साधी लोहाची गोळी इतक्या नेमाने घेतात?

यातही शरीरा-शरीरात फरक असतो. आशियाई लोकांत 'एनयूडीटी१५' या जनुकाचं एक रूप बऱ्यापैकी आढळतं. ते असेल तर मर्कॅप्टोप्युरीनचा नेहमीचा डोसही झेपत नाही, पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. ही गोष्ट २०१४ नंतर कळली. आता तपासणी करून डोस आधीच कमी करता येतो.

उशिरा येणारे परिणाम

आपल्याला मशीन डिझाईनमध्ये 'फटीग' शिकवतात. भाग तुटतो तो एका मोठ्या धक्क्याने नाही, आत कुठेतरी बारीक तडा गेलेला असतो, तो हजारो सायकलनंतर बाहेर दिसतो. बाहेरून पाहून काही कळत नाही. उशिराचे परिणाम समजायला मला हीच कल्पना सगळ्यात उपयोगी पडली.

हृदय : मघाची लाल औषधं आठवा. हृदयाच्या स्नायूपेशी जवळजवळ विभागतच नाहीत, त्यामुळे गेलेली पेशी भरून निघत नाही. मूल लहान असताना उरलेल्या पेशी काम भागवतात. पण शरीर मोठं होतं आणि मग वीस-तीस वर्षांनी किंवा गरोदरपणात तो पंप कमी पडू शकतो. किती औषध गेलं याची बेरीज इथे सगळ्यात महत्त्वाची. एकूण डोस २५० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर किंवा जास्त असेल तर धोका मोठा मानतात. ए.एल.एल.च्या आजच्या बहुतेक पद्धतींत बेरीज याच्या खाली ठेवतात. फार लहान वयात औषध मिळालेल्यांना आणि मुलींना धोका थोडा जास्त. यावर उपाय म्हणजे ठरावीक वर्षांनी इकोकार्डिओग्राम. ना सुई, ना दुखणं, अर्ध्या तासाचं काम.

मेंदू आणि अभ्यास : डोक्याला रेडिएशन मिळालेल्या मुलांमध्ये, विशेषतः पाच-सहा वर्षांच्या आत मिळालं असेल तर, लक्ष लागणं, कामाचा वेग, गणित आणि तात्पुरती स्मरणशक्ती यांवर परिणाम दिसतो. नुसत्या केमोनेही थोडाफार होऊ शकतो, पण कमी. बुद्धी जात नाही, वेग कमी होतो. म्हणजे प्रश्न येत असतो पण तीन तासांत पेपर पूर्ण होत नाही. अशा मुलाला शाळेत 'ढ' म्हणणं हा केवढा अन्याय!

वाढ, हाडं, वजन : रेडिएशनने पिट्युटरी ग्रंथी दुखावली तर उंची कमी राहते. स्टेरॉइडमुळे हाडं ठिसूळ होऊ शकतात. दहा वर्षांनंतरच्या वयात उपचार झालेल्यांत खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा खराब होण्याचा धोका जास्त असतो. वजन वाढण्याचीही प्रवृत्ती राहते. अगदी लहानपणी औषधं मिळाली असतील तर दातांची मुळं छोटी राहू शकतात.

मूल होणं : हा प्रश्न विचारायला सगळेच लाजतात. सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस अंडाशय आणि वृषण यांना इजा करतो. पण ए.एल.एल.च्या नेहमीच्या उपचारात हा डोस मर्यादित असतो आणि बरे झालेल्या बऱ्याच जणांना पुढे मुलं होतात. घाबरून लग्न टाळायची गरज नाही, डॉक्टरांना स्पष्ट विचारायची आहे.

दुसरा कॅन्सर : थोड्या जणांना होतो. रेडिएशननंतर बऱ्याच वर्षांनी मेंदूत गाठ होऊ शकते, तर काही औषधांनंतर काही वर्षांत वेगळ्या जातीचा ल्युकेमिया.

एक मोठा आकडा सांगते. १९७० ते १९८६ या काळात निदान झालेल्या, उत्तर अमेरिकेतल्या दहा हजारांवर लोकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे बालपणीच्या निरनिराळ्या कॅन्सरमधून बरे झालेले होते. सरासरी वय फक्त २६-२७, आणि त्यांच्यातल्या ६२ टक्के लोकांना किमान एक तरी दीर्घ आजार होता. लक्षात घ्या, हे जुन्या, जास्त कडक उपचारांचे आकडे आहेत. आज उपचार घेणाऱ्यांचं चित्र चांगलं असण्याची अपेक्षा आहे. पण 'बरं झालं, फाईल बंद' असं म्हणता येत नाही हे या अभ्यासाने जगाला दाखवलं.

मग कमीच का देत नाहीत?

कारण कमी दिलं आणि आजार उलटला, तर दुसऱ्यांदा आणखी कडक उपचार लागतात आणि बरं होण्याची शक्यताही घटते. एका बाजूला आजचा जीव, दुसऱ्या बाजूला तिसाव्या वर्षीचं हृदय. पिंकेल यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता, कारण तिसावं वर्ष दिसतच नव्हतं. मुलं वाचायला लागली तेव्हा हा प्रश्न विचारण्याची चैन परवडायला लागली!

आणि डॉक्टरांनी तो विचारला. रेडिएशनचा डोस आधी २४ ग्रे होता, मग १८ आला, मग १२. पाठीतून द्यायची औषधं नीट बसवली तर रेडिएशन लागेलच असं नाही, हे लक्षात येत गेलं. शेवटी सेंट ज्यूडमध्ये ४९८ मुलांना रेडिएशन अजिबात न देता उपचार केले. २००९ साली निकाल आला, पाच वर्षांनंतर जिवंत मुलं ९३.५ टक्के. चाळीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीने मुलांना वाचवलं, तीच गोष्ट मुलांसाठी काढून टाकायला तितकीच हिंमत लागली असेल, नाही का?

आता तिसरी पायरी चालू आहे. शत्रू ओळखणारी औषधं! ब्लिनाट्युमोमॅब हे औषध ल्युकेमियाच्या पेशीला आणि आपल्याच संरक्षक टी-पेशीला एकत्र आणून भिडवतं. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या केमोला त्याची जोड दिल्यावर तीन वर्षं आजाराशिवाय राहिलेल्या मुलांचं प्रमाण ८७.९ वरून ९६ टक्क्यांवर गेलं. आपल्या देशात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून टी-पेशींनाच प्रयोगशाळेत शिकवून परत देण्याची 'कार-टी' थेरपी विकसित केली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती सध्या उलटलेल्या आजारासाठी आणि १५ वर्षांवरच्यांसाठी आहे, पण इंजिनिअरिंगच्या कॅम्पसमधून कॅन्सरचं औषध निघालं याचा मला फार अभिमान वाटला. यांनाही स्वतःचे साईड इफेक्ट आहेतच. फुकट काहीच मिळत नाही, थर्मोडायनॅमिक्सप्रमाणेच!

आपला काय संबंध?

आमच्या मजल्यावरची एक मैत्रीण (तिला विचारूनच लिहितेय, नाव मात्र देत नाही) चार वर्षांची असताना या आजारातून बरी झाली. तिला त्यातलं जवळजवळ काहीच आठवत नाही. फक्त लाल सलाईन आणि वॉर्डातल्या मावशी. गेल्या वर्षी आम्ही सगळ्या जिम लावायला निघालो, तेव्हा तिने घरी फोन करून फाईल मागवली. काकूंनी ती सोळा वर्षं कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवली होती, कुणालाही न दाखवता. त्यात औषधांची नावं, डोस, तारखा सगळं होतं. ते बघून डॉक्टरांनी इको करायला सांगितला. रिपोर्ट नॉर्मल आला, जिमला परवानगी मिळाली, फक्त श्वास रोखून फार जड वजन उचलू नको म्हणाले. मी तिला विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो गं. मी लगेच पेशंट होते."

मला वाटतं, सगळ्यात उशिराचा साईड इफेक्ट हाच आहे, आणि तो औषधाने होत नाही. आपण करतो.

म्हणून काही साध्या गोष्टी.

एक, तुम्ही स्वतः लहानपणी असे उपचार घेतले असतील तर घरून फाईल मागवा. कोणती औषधं, लाल औषधाची एकूण बेरीज किती, रेडिएशन मिळालं का, किती ग्रे, रक्त चढवलं होतं का, एवढं एका पानावर लिहून ठेवा. आपण घर सोडून आलोय, उद्या नोकरीसाठी आणखी लांब जाऊ, आई प्रत्येक वेळी बरोबर नसेल. नवीन डॉक्टरांना हे पान दाखवा. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्यांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी चालते, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ साली सुरू झालेला 'उगम' हा बरे झालेल्या तरुणांचाच गट आहे.

दोन, कुणाच्या घरी लहान भावंडावर उपचार चालू असतील तर सर्दी-ताप किंवा कांजिण्यांचा संसर्ग घेऊन भेटायला जाऊ नका. उलट बाजूही लक्षात ठेवा. कॅन्सर संसर्गजन्य नाही, त्या मुलाबरोबर खेळल्याने कुणाला काही होत नाही.

तीन, प्लेटलेट द्या. रक्ताच्या तांबड्या पेशी महिनाभराहून जास्त टिकतात, पण प्लेटलेट साधारण पाचच दिवस. त्यामुळे पंधरा ऑगस्टच्या शिबिरात शंभर बाटल्या जमल्या तरी सप्टेंबरमधल्या मुलाला त्यातल्या प्लेटलेट मिळत नाहीत. तिथे फोन केला की येणारा माणूस लागतो. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, तांबड्या पेशी परत आपल्याच अंगात जातात. वय १८ पूर्ण, वजन ५० किलोच्या वर आणि गेल्या तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतलेली नसावी. हॉस्टेलमध्ये अशी किती धडधाकट मंडळी आहेत! प्रत्येक विंगने रक्तगटासह दहा नावांची यादी रेक्टर सरांकडे दिली आणि जवळच्या ब्लड बँकेला कळवली, तर ते कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त कामाचं होईल. आमच्या विंगची यादी तयार आहे. नोटीस बोर्डाजवळ मोकळा कागद लावून ठेवला आहे, पेनही बांधून ठेवलंय.